पायलीचा पहिला शब्द

वाघजाईगडाच्या पूर्व तटावर उजाडले, तेव्हा शत्रूची फौज दोन मजलांवर येऊन ठेपली होती आणि सदरेवर धर्माजी शेट संतापून उभा होता. गडाच्या गल्ल्याचे, म्हणजे धान्याचे, पैसे त्याच्या पेढीवरून चुकते होत. कारभारी विसोपंतांनी दोनशे खंडी नाचणीच्या रकमेची चिठ्ठी त्याच्यापुढे धरली होती.

"शेटजी, रक्कम मोकळी करा. गल्ला कोठारात पोचला, दाराला मोहोरही झाली."

"मागच्या वेढ्यातही मोहोर झाली होती, पंत. पोत्यांत भुसा निघाला. माझी गोजरा याच गडावर उपाशी मेली."

"बायकोचं दुःख सदरेवर आणू नये."

"मग कुठं नेऊ? तुमच्या घरी? तिथं तर तेव्हाही कणग्या भरलेल्या होत्या! आधी मोहोर फोडून पोती दाखवा, मग रक्कम."

गडाचे हवालदार मानकोजी दरेकर गादीवर सावरून बसले. "शेट, मोहोर फोडणं हा गुन्हा आहे. कोठार भरलेलं निघालं तर?"

"तर मला कड्यावरून लोटा."

मग धर्माजी पंतांच्या मागे उभ्या असलेल्या माणसाकडे वळला. लिंबाजी नाव, डोईला नवे पागोटे. गल्ला यानेच पुरवला असे चिठ्ठी सांगत होती.

"माप कुणी घातलं, लिंबाजी?"

"मीच. जन्म गेला या धंद्यात!"

"मग घालून दाखवा."

नाचणीचा ढीग आणि पायली समोर आली. लिंबाजीने पायली शिगोशीग भरली, ओतली आणि ठसक्यात म्हणाला, "एक!"

मागून एक शिपाई फसकन हसला. "अरे, यानं खळं तरी पाहिलंय का?"

धान्य मापणारा पहिल्या पायलीला कधी एक म्हणत नाही. 'लाभ' म्हणतो, मग दोन. खळ्यावर खेळणारे पोरही चुकत नाही. सदर खदखदली. धर्माजी तेवढा हसला नाही.

"पंत, सोंग आणायचं तर निदान शिकवून तरी आणायचं होतं!"

"घाईत चुकला तो," विसोपंत पुटपुटले. पण मानकोजी उठले होते.

"फोडा मोहोर."

कोठारात पुढच्या रांगेत नाचणी होती. मागे सगळा भुसा, तळाशी माती. पंतांच्या पायांत बेड्या पडल्या. लिंबाजीवर हात उगारावाही लागला नाही. मागच्या वेढ्यातली आणि आताची, दोन्ही लबाड्या तो भडाभडा ओकला.

शत्रूची फौज गडाखालच्या खिंडीत उतरायच्या आत धर्माजीच्या वखारीतली नाचणी लादलेले बैल गड चढले. पहिले माप धन्याने घालायचे, अशी रीत. त्याच्या वखारीत ते गोजरा घालायची, खणखणीत आवाजात. धर्माजीने पायली भरली, ओतली, तोंड उघडले. शब्द फुटेना. मापारी खाली बघत उभे राहिले.

मानकोजी सदरेच्या पायऱ्या उतरून त्याच्या शेजारी आले आणि म्हणाले, "लाभ."

धर्माजीने डोळे पुसले, पायली पुन्हा भरली.

"दोन," तो म्हणाला.