मार्सेला व्हेनचा उजवा हात

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर राहू द्या. मी त्या खोलीत होते. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

आणि रात्र वगैरे नव्हती. भर दुपार होती. १९५१चा ऑगस्ट, लॉस एंजेलिस, लुंडचा फोटो स्टुडिओ.

आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मासिकात नटी क्रीमची डबी धरून हसते ना, तेव्हा चेहरा तेवढा तिचा असतो. हात दुसऱ्याच मुलीचा. फिल्म कंपनी नटीचा फोटो पाठवते, लुंड त्यावर हात चिकटवतो, खाली नव्या चित्रपटाचं नाव छापतात. झालं.

मार्सेला व्हेनचा हात म्हणजे माझी थोरली बहीण, ओपल.

त्या हातांवर आमचं घर चालायचं. ओपलने उभ्या जन्मात कप विसळला नाही. भांडी मी घासायची, आणि बाईसाहेब हातमोजे घालून खुर्चीत!

मार्सेला स्टुडिओत एकदाच आली होती. नटी व्हायच्या आधी ती लॉन्ड्रीत कपडे धुवायची. सोड्याने तिचे हात कायमचे खाल्ले होते. लाल, भेगाळलेले.

तिने ओपलचा हात उलटसुलट करून पाहिला.

"लोक माझ्या हातांवर मरतात, आणि हात तुझे! मजा आहे बाई तुझी. परत दे हं कधीतरी."

सगळे हसले. ती हसली नाही.

जुलैत तिची गाडी दरीत कोसळली. फिल्म कंपनीने तिला हातमोजे घालूनच पुरलं.

तरी लुंडने ओपलला बोलावलं. चित्रपट अजून यायचा होता.

"अहो, पण ती मेली ना," ओपल म्हणाली.

"मेली तर मेली. क्रीम थोडंच मेलंय? बस."

हात गालावर टेकलेला दिसावा म्हणून लुंड प्लास्टरचं डोकं वापरायचा. ओपलने नेहमीसारखा उजवा हात त्याच्या गालावर ठेवला.

"आज हे... गरम लागतंय."

"दिव्यांनी तापलंय. हलू नकोस."

थोडा वेळ गेला. ओपलचा चेहरा पांढराफटक पडला.

"फर्न... हा गाल... मऊ आहे गं."

तिने हात ओढला. निघेना. मी धावले, तिचा कोपर धरून जोर लावला. निघेना.

"वा! काय सुंदर आलंय! अजून एक!" लुंड ओरडला आणि फोटो काढतच राहिला. माझी बहीण रडत होती, आणि त्या मेल्याला फोटोचं पडलं होतं.

दिवे गेले. खिडक्यांना काळे पडदे, त्यामुळे भर दुपारीही काळोख.

अंधारात आवाज आला... सळ्... सळ्...

कुणीतरी हातमोजा काढत होतं. एकेक बोट. सावकाश.

दिवे आले तेव्हा हात सुटला होता. ओपलने खाली पाहिलं आणि जी किंचाळली...

तिच्या मनगटापुढे लाल, भेगाळलेला हात होता. सोड्याने खाल्लेला.

लुंडने तो निरखून पाहिला. "आता हा काय कामाचा?" म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी दुसरी मुलगी बोलावली.

जाहिरात छापून आली. शेजारच्या मिसेस ड्रेक कौतुकाने मासिक घेऊन आल्या. "बघ गं ओपल, काय नाजूक हात होते बिचारीचे!"

ओपलने उजवा हात टेबलाखाली घेतला.

त्या लाल हाताला जाणीव म्हणून नाही. उकळतं पाणी सांडलं तरी तिला पत्ता नसतो. मी एकदा म्हटलं, "बरंय, दुखत तरी नाही."

"दुखतो ना," ती म्हणाली. "माझा हात दुखतो. माझा."

"तो कुठाय?"

तिने डोळे मिटले.

"गार आहे तिथे. ओलं आहे. तिने घट्ट धरून ठेवलाय, सोडतच नाही... वर लाकूड लागतं."

मी तिला समजावलं. असं काही नसतं म्हटलं. अजूनही म्हणते. माझा आवाज मलाच खोटा वाटतो.

या हिवाळ्यात खूप पाऊस झाला. ओपल म्हणाली, लाकूड कुजलंय.

काल जेवताना ती एकदम किंचाळली. काटा खाली पडला.

"काय झालं गं?"

"आता तीनच राहिली, फर्न."

"काय तीन?"

"बोटं... चावतंय काहीतरी."

ताटाशेजारी तो लाल हात निवांत पडला होता. पाचही बोटं शाबूत.