एरास्मोचे तीन हिसके

कुणाचा विश्वास बसावा म्हणून हे सांगत नाहीये. होडीत मी स्वतः होते, एवढंच.

आणि हे रात्री घडलेलं नाही. भर दुपारी घडलं. ऑगस्टच्या थंडीत, चिलीच्या उत्तर किनाऱ्यावर, आमच्या बिएखा नावाच्या कोळीवस्तीसमोर.

वस्तीला खेटूनच कोळशाचं वीजकेंद्र. माझ्या जन्माआधीपासूनचं. एका जाड पाइपाने ते समुद्राचं पाणी ओढायचं, दुसऱ्याने गरम करून परत सोडायचं. दोरीवरच्या चादरी वाळेपर्यंत काळ्या व्हायच्या. आधी शिंपले मेले. मग मासे गेले.

त्या जुलैत केंद्र कायमचं बंद पडलं. लोक नाचले. पण ती जन्मापासूनची घरघर थांबली, आणि वस्तीत कुणालाच झोप लागेना.

माझा नवरा निबाल्दो पाणबुड्या. म्हणाला, ओढणाऱ्या पाइपापाशी इतकी वर्षं कुणाला फिरकू दिलं नाही, तिथे शिंपले उरले असतील. मी नको म्हणाले. कारण माझ्या लहानपणी एरास्मो नावाचा पाणबुड्या तिथेच उतरला होता. तो वर आलाच नाही. केंद्रवाल्यांनी कानावर हात ठेवले. म्हणाले, तो इथे उतरलाच नव्हता.

"बंद पाइप आहे गं. आता काय गिळणार मला?" निबाल्दो म्हणाला.

होडीत हवेचा कॉम्प्रेसर. त्याची लांब पिवळी नळी पाणबुड्या दातांत धरून खाली जातो. वरच्याने नळी हातात धरून बसायचं. एक हिसका म्हणजे ठीक आहे. तीन हिसके म्हणजे मला वर ओढ.

धुकं दाट होतं.

निबाल्दो उतरला आणि लवकरच वर आला. जाळी रिकामी. होडीत चढला, नळी दातांतून सोडली. ती पाण्यात घसरली. तो खोकत बसला, काळं थुंकला.

"तळच नाहीये खाली," तो म्हणाला. "नुसती राख. हात घातला तर खांद्यापर्यंत गेला."

मी नळी गुंडाळायला घेतली.

ती येईना.

खडकात अडकली असेल, असं वाटलं.

आणि मग... एक हिसका.

मी निबाल्दोकडे पाहिलं. तो माझ्यासमोर बसलेला होता.

पुन्हा... तीन हिसके. सावकाश. हे काम येणारा माणूस देतो तसे.

निबाल्दोने झटकन कॉम्प्रेसर बंद केला. सगळं शांत झालं. हवा थांबली.

तरी नळीशेजारी पाण्यावर... बुडबुडे येत होते. थांबून, थांबून. कुणी श्वास सोडावा तसे.

पुन्हा तीन हिसके. या वेळी होडी कलली.

निबाल्दोने सुरी काढली आणि नळी कापली.

आम्ही कुणाला सांगितलं नाही. पण वस्तीत कापलेली नळी लपत नाही. दोन दिवसांनी ओर्तेन्सियामावशी आली, एरास्मोची बायको. मी चहा दिला. तिने तो उचललाही नाही. निबाल्दोने खाली मान घालून सगळं सांगितलं.

"तीन दिले त्याने?"

"हो, मावशी."

"नीट तीन?"

"हो."



"मग ओढलं का नाहीस रे त्याला?"

 

त्यानंतर निबाल्दो समुद्रावर गेलेला नाही. खोकला थांबत नाही. शहरातल्या डॉक्टरने छातीचा फोटो काढला, तो उजेडात धरला आणि आधी मला बाहेर बोलावलं.

केंद्रामागचा राखेचा डोंगर आहे तिथेच आहे. पाइपही काढणार नाहीत म्हणतात, खर्च कोण करणार? समुद्र शांत असला की त्या जागी बुडबुडे दिसतात. सगळ्यांना दिसतात. बोलत कुणी नाही.

काल मावशीने होडी मागितली. नवी नळीही घेऊन आली होती.

"दोघी मिळून ओढू," म्हणाली.

मी अजून हो म्हटलेलं नाही. नाहीसुद्धा म्हणता आलं नाही.