खो-खोचे खांब गेले कुठे?

"अगं बाई! खांबच नाहीत!"

योगिता मैदानात मटकन बसली. गुजराती मुलखातल्या लिंबायतच्या मराठी शाळेचं मैदान, त्यात नुसते दोन खड्डे आ वासून पडलेले. चार वाजता खो-खोची फायनल, घड्याळात अडीच, आणि समोरच्या संघाच्या, कतारगामच्या पोरी टेम्पोत बसून निघाल्यासुद्धा! खांब नाहीत तर यजमान शाळा बाद. कॅप्टन योगिता दहावीची परीक्षा देऊन बसलेली. शाळेकडून खेळायची तिची ही शेवटची मॅच.

"कप सोडून लाकडं नेली? चोर भलताच हुशार!" तिचा दोस्त गोपाल म्हणाला.

"तोंड मिट, डोळे उघड!" मैत्रीण मयुरीनं जमिनीकडे बोट दाखवलं. काहीतरी ओढत नेल्याच्या रेघा फाटकापर्यंत गेल्या होत्या, आणि रेघांत झेंडूच्या पाकळ्या!

फाटकाशी शिपाई हिलालकाका डुलक्या घेत होते. "खांब होय? मागच्या गल्लीत हळद आहे, तिथल्या डीजेवाल्याला दिले. सुट्टीत कोण कडमडतंय खेळायला!"

त्यांच्या डोक्यावरच मॅचचा कागद चिकटवलेला, तोही त्यांनीच! मोठ्यांची अक्कल अशीच, खुर्ची मिळाली की घोरते.

मागच्या गल्लीत डीजेनं पत्रे हादरत होते. आवाजाच्या उंच पेट्या पडू नयेत म्हणून मागे दोन खांब रोवून दोरीनं आवळलेले. योगितानं ते लांबूनच ओळखले. कितीतरी पोरींच्या तळव्यांनी घासून गुळगुळीत झालेले खांब ते!

"भूपेंद्रभाई, आमचे खांब द्या ना!"

"पछी आवजो, बेन! नंतर या, सहा वाजता!" डीजेवाल्यानं हात झटकला. "पेट्या काय तू धरून उभी राहशील?"

सहा वाजता काय, रिकाम्या मैदानात खांब रोवून हळद लावायची?

पण ही पोरं लूमवाल्यांची, यंत्रमागावर राबणाऱ्यांची! रोज बापाचा डबा घेऊन कारखान्यात जाणारी. तिथल्या खडखडाटात कानाचं काम नाही, सगळं बोलणं हातांचं. मूठ दाखवली की 'थांब'. पोटावर हात फिरवला की 'सेठ आला'. चिमूट चोळली की 'कापड पास', म्हणजे काम एक नंबर.

योगिता पुढं जाऊन नाचायला लागली. "भूपेंद्रभाई, अहिराणी गाणं लावा!"

"शुं?"

"अहिराणी!"

"काय राणी?"

मागे गोपाल आणि मयुरीनं मंडपाचे उरलेले बांबू आणून पेट्यांना घट्ट बांधले. आधी बांबू, मग खांब. दुसऱ्याचं नुकसान करायला ती काय मोठी माणसं होती? एक खांब निघाला. इतक्यात भूपेंद्रभाई वळले. योगितानं पोटावर हात फिरवला! गोपालनं हातातली दोरी डोक्यावर धरली आणि असा काही नाचला, की नवरदेवाच्या आत्यानं त्याच्या दोन्ही गालांना हळद फासली!

दुसराही खांब निघाला. पळा!

चारला पाच मिनिटं कमी असताना खांब खड्ड्यात ठोकून उभे. पिवळ्या गालांचा गोपाल बघून कतारगामच्या पोरी खिदळल्या. खिदळू देत! शेवटच्या डावात दोन्ही संघ बरोबरीत, सेकंद उरले दहा. त्यांची पोरगी खांबाला वळसा घालून निसटतेय, तोच योगितानं खांबाला एका हाताची मिठी मारून अंग झोकलं. बोटं तिच्या टाचेला लागली. शिट्टी! पोरगी बाद, कप लिंबायतचा!

"सरकारी शाळा म्हणून नाकं मुरडता ना? बघून घ्या आता!" मुख्याध्यापिका मालतीबाई पाहुण्यांसमोरच म्हणाल्या. सगळी हकीकत कळल्यावर त्यांनी गोपाल-मयुरीलाही कपाला हात लावायला लावला. हिलालकाकांनी मुकाट्यानं पेढे वाटले.

योगिता मात्र गर्दीत बापाला शोधत होती. पहाटेपासूनची बारा तासांची पाळी संपवून विठ्ठल थेट मैदानावर आलेला, केसांत अजून सुताचं तूस. लूमच्या आवाजानं कान अर्धे गेलेले, टाळ्या त्याला ऐकू येत नव्हत्या.

त्यानं लांबूनच हात वर केला आणि अंगठा-बोटाची चिमूट चोळली.

कापड पास!