मुलींच्या बाजूची शिक्षा

बटाट्याच्या सॅलडचं भांडं छातीशी धरून आर्डिस घाईघाईने शाळेच्या पायऱ्या चढली आणि दारातच लोवेलवर आदळली. बाहेर पावसाची भुरभुर. आत दोघांनाही शिरायचं होतं, पण बाजूला व्हायचं कुणालाच सुचेना.

"अजून तशीच आहेस," तो म्हणाला. "समोर कोण आहे ते न बघता चालतेस."

"आणि तू अजून वाटेतच उभा राहतोस."

साठी ओलांडलेली बाई, पण कान लालबुंद झाले की तिचे! दोघांचेही जोडीदार केव्हाच गेलेले. आयोवातल्या शेतांमधली त्यांची एका खोलीची शाळा बंद पडली, तेव्हा तिची इमारतच उचलून या ऐतिहासिक उद्यानात, इतर जुन्या वास्तूंशेजारी, आणून ठेवली होती. दर जूनमध्ये तिथली जुनी पोरं, आता सगळी पिकली पानं, डबे घेऊन जमायची आणि तासभर पुन्हा वर्गात बसायची. लोवेल गेल्या वर्षी पहिल्यांदा आला, आर्डिसशी जेवण संपेपर्यंत गप्पा मारत बसला, आणि तेव्हापासून ती या जूनची वाट बघत होती.

"मुलगा ॲरिझोनाला बोलावतोय," हातातली ओली टोपी फिरवत लोवेल म्हणाला. "कायमचं. सोमवारी निघतोय."

"बरं झालं... तिकडे ऊब असते. इथल्या थंडीत तुझे गुडघे दुखतात."

जीभ झडली का नाही माझी, असं झालं तिला. मनात 'जाऊ नकोस' होतं आणि तोंडातून निघाले ते गुडघे.

तेवढ्यात घंटा झाली. उद्यानात काम करणारी बेथनी, कॉलेजातली पोर, जुन्या काळचा लांब झगा घालून वर्गाची बाई झाली होती. जुन्या शिस्तीप्रमाणे मुली डावीकडे, मुलगे उजवीकडे. आजोबा मंडळींनी एवढ्याशा बाकांत कसेबसे पाय कोंबले.

बेथनी नद्यांची नावं विचारत असताना एक खडू भिरभिरत आला आणि आर्डिसच्या खांद्यावर आपटला.

"लोवेल," बेथनीने डोळे वटारले, "मुलींच्या बाजूला जाऊन बसा."

सगळे खो-खो हसले. त्या काळी हीच शिक्षा असायची, आणि मुलगे रडकुंडीला यायचे. लोवेल मात्र नवरदेवासारखा ऐटीत आला आणि आर्डिसच्या बाकावर टेकला.

"या वयात खोड्या करतोस?" ती कुजबुजली.

"तेव्हा तर रोज करायचो."

"माहितीये. म्हणून तर बाईंना सांगून तुला पार दाराजवळ बसवलं होतं मी. किती छळायचास."

"छळायचो होय..." तो हळूच हसला. "अगं वेडे, तुझ्या शेजारी बसायला दुसरा मार्ग होता का मला?"

 इतकी वर्षं ती याला नुसता दांडगट समजत आली होती. हसू येत होतं आणि डोळेही भरत होते.

"मग बोलला का नाहीस?"

"तू तक्रार केलीस. म्हटलं, हिला मी नकोसा आहे."

"बास, शिक्षा संपली," बेथनी म्हणाली. "आपापल्या जागेवर."

लोवेल उठला. मधली वाट ओलांडून निमूटपणे पलीकडे गेला. सोमवारीही हा असाच निमूट जाईल, आर्डिसच्या मनात आलं, आणि मी अशीच बसून बघेन.

ती उठली. त्या शाळेत कुठलीच मुलगी आपणहून ती वाट ओलांडून गेली नव्हती. "अगं आर्डिस, हे काय?" मागून कुणीतरी म्हणालं. ती थेट लोवेलच्या बाकाशी जाऊन उभी राहिली.

"मला कुणी शिक्षा केलेली नाही," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "माझी मी आलेय. लोवेल, जाऊ नकोस... मला तू इथे हवा आहेस."

 नद्यांची नावं बेथनीही विसरली.

लोवेलने सरकून जागा केली. ती टेकली, तरी बाक पुरेना, म्हणून त्याने हात तिच्या पाठीमागे टाकला.

"मुलाला फोन करायला हवा," तो म्हणाला.  "मग... सोमवारी कॉफीला येऊ तुझ्याकडे?"

"उद्याच ये," आर्डिस म्हणाली. "सोमवारपर्यंत कोण थांबतंय."