नंबर धरून

"माझा दगड कुठाय?"

तो चपापला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात कागद अन् पायाशी दगडांचा ढीग. लातूर जिल्हा होऊन वर्षच झालेलं. पाणी आटलं, तसं नव्या कचेरीनं त्याला टँकरची रांग लावायला पाठवलं होतं. आणि या शहाण्यानं जागा साफ करायची म्हणून आमचे दगडच उचलले!

"दगड... तुमचा?"

"घागर ठेवली तर चोरीला जाते. म्हणून पहाटे दगड ठेवून नंबर धरतो आम्ही. गाव कोणतं, साहेब?"

"अर्धापूर. केळीच्या बागांतला हाय मी. आमच्याकडं पाण्याला दगड लागत न्हाई."

बाया खिदळल्या. मी हसू ओठातच दाबलं.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या दगडाशेजारी हा साहेब, केरबा नाव त्याचं, उभा... डोक्यावर रुमाल, तोंड उन्हानं लालबुंद.

"तुमचा नंबर राखून राहिलो, सिंधुबाई. चूक माझी होती न."

"एका दिवसाची होती. पंधरा दिवस झाले!"

"चूक लई मोठी होती हो..."

मी घागर उचलायची अन् मागं न बघता निघायची. याआधी मला बघून गेलेल्या एकानं उदगीरहून पत्र पाठवतो म्हटलं होतं. दुसरा दिवाळीला मागणी घालायला येतो म्हणाला. माय दोन्ही वेळा वाट बघत उंबऱ्यात बसून राहिली. तेव्हापासून कुणी गोड बोललं, की माझी पावलं आपोआप झपाझप पडत.

एका दुपारी मी शिकवायची ती बालवाडी सुटल्यावर गेले, तर रांगच नाही. तो मात्र एकटा उभा.

"टँकर?"

"बंद पडलाय. बायांना सकाळीच सांगून टाकलं."

"मग तुम्ही कामून थांबलात?"

"तुम्हाला सांगाया."

"निरोप द्यायचा कुणाजवळ!"

"दिला असता..." तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरू लागला. "मग तुम्ही आला नसता."

या वेळी माझी पावलं निघाली नाहीत.

"केरबा, येतो म्हणून दोघं गेले. आले न्हाईत. मला आता भ्या वाटतं—"

"मला बी वाटतं. रोज, तुम्ही येईपर्यंत."

मी त्याच्याकडं बघितलं. पहिल्यांदाच, नीट. मग रिकामी घागर त्याच्या हातात दिली.

"माय घरी हाय. चला. चहा अर्धाच कप मिळंल."

"आत्ता? शर्ट मळलाय हो... उद्या—"

"उद्याचं ऐकत न्हाई मी. आत्ताच."

त्यानं घागर खांद्यावर घेतली अन् लगबगीनं निघालासुद्धा.

"अहो," मी ओरडले, "घर इकडं हाय!"