चेहरा पुसलेली पानं

२०२२ सालचा मार्च होता. केळीच्या बागांवरून गरम वारा सुटला होता. जळगावात सारिका महाजन यांच्या छोट्या कचेरीत पुनम बोरोले पदराने घाम पुसत बसली होती.

सारिकाताई खासगी तपास करत, बहुतेक लग्नाआधीच्या चौकशा. त्यांच्या हाताखालचे सुकदेवभाऊ एसटीतून निवृत्त झालेले वाहक. आपल्याला माणूस बघताक्षणी कळतो, असा त्यांचा समज होता. तो दर महिन्याला एकदा तरी खोटा पडे.

"उद्या मला भडगावला, माहेरी पाठवताहेत," पुनम म्हणाली. "कायमचं. आणि संध्याकाळी आबांची सगळी चित्रं जाळणार आहेत."

आबा म्हणजे तिचे सासरे, नशिराबादचे चित्रकथाकार रुपचंद बोरोले. वर्षापूर्वी गेले. नाव ऐकताच सुकदेवभाऊ सावरून बसले. रुपचंदांची 'राणी तापीवंती' त्यांनी सुट्टीत पोरांसाठी भाड्याने आणली आणि स्वतःही वाचली होती; एका पुस्तकावर चार डोकी, आणि पान कोणी उलटायचं यावरून मारामारी.

"शाईने काढलेली मूळ पानं पेटीत आहेत," पुनम सांगू लागली. "महिन्याभरात दोन पानांवरचे चेहरे कोणी तरी काळे केले. पहिल्यावर गुराख्याचं पोर होतं. आबांनी ते आमच्या ह्यांच्यावरून काढलेलं, हे लहान असताना. चार दिवसांत हे गाडीवरून पडले, हात मोडला. दुसऱ्यावर राणी, म्हणजे सासूबाई. त्यांचा ताप उतरत नाही. पेटीची किल्ली माझ्याकडे असते. म्हणून करणी माझीच."

"तुम्ही त्या चित्रांबद्दल कधी काही बोलला होतात?" सारिकाताईंनी विचारलं.

"मी एकदा म्हणाले होते, कागदांना वास येतो, बाहेर ठेवू. तेवढंच आता सगळ्यांना आठवतंय."

दुपारी तिघं नशिराबादला पोहोचली. घरात कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. शेजारच्या बायका दारापर्यंत येत आणि पुनमला पाहून मागे फिरत. अंगणात वाळलेल्या केळपानांचा ढीग रचून ठेवला होता.

पुनमच्या सासूबाई, मंजुळाबाई, खाटेवर होत्या. तिचा नवरा नवल हाताला प्लास्टर घालून भिंतीकडे पाहत बसलेला. धुळ्याचे कापडव्यापारी प्रेमराज जैन चित्रांचे संग्राहक. जाळू नका म्हणून विनवायला ते आले होते. चौथा योगेंद्र, आबांचा शेवटचा शिष्य. हमरस्त्यावर त्याचं फ्लेक्सचं दुकान होतं.

सारिकाताईंनी काळी पानं मागितली. घरच्यांनी नजर फिरवली. पुनमने ती आणून ठेवली.

सुकदेवभाऊ पानांवर वाकले. राणी दिवा घेऊन तटावर उभी, पदराच्या रेघा वाऱ्यावर, हातात भरगच्च बांगड्या, आणि गळ्याच्या वर नुसता काळा खड्डा. मागच्या पहारेकऱ्यांचेही चेहरे तसेच. एकही सुटला नव्हता.

"पहारेकऱ्यांनी काय केलं होतं?" सारिकाताई स्वतःशीच म्हणाल्या. मग खाटेपाशी बसल्या. "अक्का, हे पान काढलं तेव्हाचं काही आठवतं?"

"आठोते ना, माय." मंजुळाबाईंचा आवाज खोल गेला होता. "भांडली व्हती मी. नवरा समोर बसेल, आन् मले इधवा काढली. कपाय पांढरं, हात रिकामे. म्हटलं, असं अभद्र कायले काढता? आता पाहा, तसंच झालं. मी तं ते पान पुन्हा कधी पायलंच नही."

नवल चिडून म्हणाला, "आणखी काय विचारायचंय? किल्ली एकीकडेच आहे."

"पेटी उघडतं कोण?"

"मी, दर रविवारी," योगेंद्र नम्रपणे म्हणाला. "कसर लागू नये म्हणून पानांना वारा द्यायचा. वहिनी कुलूप काढतात, मी ओट्यावर पानं मांडतो. आबांची शिस्त होती, पानं उलटी घालायची, शाईला ऊन लागू द्यायचं नाही. पाठीवर क्रमांक आहेत, त्यावरून लावून ठेवतो."

"एकटेच?"

"छे, काकू समोर बसलेल्या असतात. पानं गोळा करताना दोन्ही वेळा चेहरा काळा झालेला मलाच आधी दिसला."

"तुम्हीही आबांसारखं काढता?"

योगेंद्र खिन्न हसला. "घोडे, झाडं, कापडाच्या चुण्या जमल्या. चेहरा नाही जमला. आबांचा चेहरा कोणालाच जमायचा नाही, ताई."

"आणि शेटजी, तुम्ही?"

"मूळ पान आज पहिल्यांदा बघतोय, आणि ते असं," प्रेमराज म्हणाले. "माझ्याकडे छापील पुस्तकं तेवढी आहेत. विकत मागितलं, तर हा योगेंद्रच आडवा आला. गुरूची चित्रं विकायची नसतात म्हणे."

"खरंय ते," योगेंद्र म्हणाला. "काकू, उद्या तुम्ही आतच थांबा. पेटी मी शेतात नेतो, अग्नी मीच देतो."

सुकदेवभाऊंना भरून आलं. असा शिष्य मिळायला भाग्य लागतं, असं ते कुजबुजले.

"भाऊ, चहा प्या," सारिकाताई म्हणाल्या. मग त्यांनी प्रेमराजांच्या पिशवीतलं जुनं पुस्तक घेऊन तटावरच्या राणीचं पान उघडलं आणि काळ्या पानाशेजारी ठेवलं.

"अक्का, नुसते हात बघा. चेहऱ्याकडे बघू नका."

मंजुळाबाईंनी भीत भीत पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"ह्या बांगड्या पुस्तकातल्या हायेत," त्या म्हणाल्या. "छापतांनी पुन्याच्या लोकायनं भरल्या. पोरायच्या पुस्तकात रिकामे हात नको म्हने. हे दोन दिवस जेवले नही. ह्यायच्या पानावर बांगड्या नव्हत्याच."

"मग हे आबांचं पानच नाही," सारिकाताई म्हणाल्या. "पुस्तकावरून मोठी करून काढलेली नक्कल आहे. कोणी चेहरे विद्रूप केले नाहीत. चेहरे झाकले. नकलेत आईला आपला आणि लेकाचा चेहरा परका वाटला असता. आणि एकच काळा केला असता, तर पहारेकऱ्यांनी चुगली केली असती."

नवलने मान पानांकडे वळवली.

"मूळ पान घरातल्या माणसाच्या रात्रंदिवस हाताशी होतं, त्याने ते समोर ठेवून नक्कल केली असती. पुस्तकावरून कोण काढील? ज्याला पेटीपाशी थोडाच वेळ मिळतो, तोही सगळ्यांच्या देखत. त्याला नक्कल तयार करूनच आणावी लागते, आणि उलट्या पानांत उलटं पान मिसळून द्यावं लागतं. शेटजींनी पेटी कधी पाहिली नाही. ज्याने वर्षभर त्या पानाची पाठच पाहिली, त्याला राणीचे हात रिकामे असल्याचं कळणार कसं?"

"वहिनी शाई आणू शकतात," योगेंद्र म्हणाला.

"शाई आणतील. चुण्या कशा आणतील? या चुण्या शिकलेल्या हाताच्या आहेत. नवलभाऊंचा अपघात झाला आणि तुम्हाला भीतीचा उपयोग कळला. उद्या शेतात पेटलं असतं ते दुसरंच काही. पेटी तुमच्या दुकानात गेली असती."

नवल उठला. सुकदेवभाऊ चहा तसाच ठेवून त्याच्यामागे गेले. दुकानात फ्लेक्सच्या गुंडाळ्यांमागे दोन्ही पानं सापडली, पाठीवर आबांच्या हातचे क्रमांक.

ती घरी आणली तेव्हा मंजुळाबाईंनी राणीचा चेहरा बोटाने, कागदाला न लावता, गिरवला. "जवान व्हती मी," एवढंच म्हणाल्या. योगेंद्रकडे त्यांनी पाहिलं नाही.

मंजुळाबाईंनी पोलिसांत जाऊ दिलं नाही. योगेंद्र दुकान विकून सुरतेला गेला. तिथे तो साड्यांच्या खोक्यांवरची चित्रं करतो, असं ऐकू येतं. प्रेमराजांनी पुढच्या हिवाळ्यात धुळ्यात पानांचं प्रदर्शन भरवलं. नंतर एकही पान विकत न मागता सगळी परत आणून दिली. मंजुळाबाई ते पाहून आल्या आणि दीड वर्षाने झोपेतच गेल्या. सुकदेवभाऊ अजून सारिकाताईंकडे आहेत आणि अजून माणसं बघताक्षणी ओळखतात.

पुनमला कोणी पाठवलं नाही. दुसऱ्या दिवशी ती स्वतःच भडगावला गेली. नवल चार वेळा आणायला गेला. चारही वेळा तिने चहा दिला, आणि एकदाच विचारलं, "तुम्ही मला एकदा तरी विचारलं होतं का?" पाचव्या खेपेला तो दारातच उभा राहून 'नाही' म्हणाला. तेव्हा ती आली.