पुढे चालणारा

वीज गेली तशी गच्चीवरची पोरं कंपाउंडरकाकांना येऊन चिकटली.

"काका, भुताची सांगा. पण खरी!"

"खोटी मला येतच नाही," काका म्हणाले. "आपले सुभेदार आठवतात ना? त्यांच्या मुलावर आलेला प्रसंग आहे. त्यानंच मला सांगितला. मध्ये कुणी खोकायचं नाही."

सुभेदारांनी उमेदीची वर्षं सैन्यात सुरुंग शोधण्यात काढली. डाव्या पायाची बोटं तिथेच राहिली. घरी परतल्यावर पाण्याच्या टाकीवर पंप चालवला, मुलींचे संसार मांडून दिले, मुलाला शिकवलं. सवय मात्र गेली नाही. घरचं कुणीही बरोबर असो, हे पुढे. लोखंडी टोकाच्या काठीनं जमीन ठोकत. टक्... टक्... मागच्यांनी त्यांच्या पावलावर पाऊल ठेवायचं.

"सुभेदार, इथे सुरुंग नाहीत, नगरपालिकेचे खड्डे आहेत!" पायाची मलमपट्टी करताना काका चिडवायचे.

"सुरुंग परवडला हो. त्याला निदान काही शिस्त असते!"

मुलाला मात्र लाज वाटायची. एका संध्याकाळी भर बाजारात तो खेकसला, "बाबा, सारखं पुढे पुढे करू नका. मला डोळे आहेत."

सुभेदार बाजूला झाले. जन्मात पहिल्यांदा मागे राहिले. जरा वेळानं मुलानं वळून पाहिलं, तर ते रस्त्यात कोसळलेले. छातीत कळ आली आणि संपलं सगळं. काठीही त्यांच्याबरोबरच जळाली.

त्यानंतर महिन्याभरानं, गेल्या नोव्हेंबरातल्या दुसऱ्या शनिवारी, आईला रात्री धाप लागली. दम्याचा फवारा संपलेला. शेजारणीला आईजवळ बसवून मुलगा निघाला. मुख्य रस्त्यावर रिक्षा मिळाली, स्टँडसमोर औषधही मिळालं. येताना रिक्षा मिळेना, म्हणून त्यानं टाकीकडचा जवळचा रस्ता धरला. पाऊस पडून गेला होता. पायाखाली चिखल. टाकीशी पोचला आणि दिवे गेले. फोन घाईत घरीच राहिलेला.

देवाचं नाव घेत तो चालू लागला.

टक्...

तो थांबला. आवाजही थांबला.

टक्... टक्... पुढून. अगदी जवळून. दिसत काहीच नव्हतं.

घर सरळ समोर. आवाज मात्र डावीकडे वळला. गवतात. अंधारात...

 दुखावून गेलेला माणूस... नेईल कुठे? औषध मुठीत. तिकडे आई श्वासासाठी झगडतेय. तो सरळच निघाला. एक पाऊल. दुसरं...

छातीवर काहीतरी आडवं आलं.

गार. कडक. काठीएवढं.

लहानपणी रस्ता ओलांडताना बाबा असंच अडवायचे.

"बाबा...?"

काही नाही.

"चुकलं माझं. तुम्ही... तुम्ही पुढे व्हा."



टक्.

तो रडत मागोमाग गेला. गवतातून, वळसा घेऊन, थेट घराच्या दारापर्यंत.

फवारा मिळाला, आईचा श्वास संथ झाला. मग ती हळूच म्हणाली, "ते केव्हाचे आलेत. तू कुठे मागे राहिलास?"

शेजारीण पांढरीफटक पडली. "मघापासून हेच म्हणतायत रे. घरात आम्ही दोघीच आहोत..."

सकाळी कळलं. टाकीपुढे पाइप टाकायला आदल्या संध्याकाळीच खोल चर खणला होता. ना कठडा, ना दिवा.

काका भिंतीला टेकून बसले.

"म्हणजे बाबांनी माफ केलं त्याला!" सगळ्यांत धाकटी मुलगी म्हणाली.

"केलंच असणार, बाळा. बापच तो."

"आणि आई?"

"आहे. देवाच्या कृपेनं धापही कमी आहे. पण मुलगा रात्रीचा झोपत नाही. तिच्या खाटेशी बसून असतो."

"का?"

"त्या रात्री दिवे आल्यावर त्यानं फरशी पाहिली. चिखलाचे गोल ठसे. काठीच्या टोकाएवढे. दारापासून आईच्या खाटेपर्यंत गेलेले..."

काकांनी जिन्याच्या दाराकडे एकदा पाहिलं.

"परत जाणारा एकही नाही."